सावलीखालचा खड्डा

मी खड्डा बोलतोय. हसलात ना? हसा! पण मी साधासुधा खड्डा नाही हो. सैबेरियातल्या याकूतियात राहणाऱ्या न्युकुलायच्या परसातलं बर्फाचं तळघर आहे मी.

न्युकुलायच्या बापानं इथली बारमाही गोठलेली जमीन शेकोटीनं मऊ करत, पहारीनं फोडत दोन हिवाळे खपून मला खणलं. हिवाळ्यात नदीवरून बर्फाच्या लाद्या कापून आणायच्या, माझ्या पोटात रचायच्या आणि उन्हाळाभर त्याच वितळवून चहा करायचा. शेजारी मासे, लोणी, घोड्याचं मांस. कधी काही नासलं नाही. विचारा कुणालाही!

खरं श्रेय माझ्या डोक्यावरच्या नऊ उंच, सूचिपर्णी लार्चच्या झाडांचं. वर त्यांची सावली, बुंध्याशी शेवाळाची गोधडी. ऊन माझ्यापर्यंत पोचायचंच नाही. आणि खालची जमीन गोठलेली म्हणून पाणी मुरून जात नसे, मुळांना मिळे. आमचं छान जमलं होतं.

मग न्युकुलायला साठाव्या वर्षी टोमॅटोचं वेड लागलं. काचघर बांधलं, तर म्हणे झाडं उन्हाच्या आड येतात.

"काय रे म्हाताऱ्या, तुझ्या बापानं ती झाडं शोभेला ठेवली होती का?" त्याची बायको बालागिया कडाडली.

"तुला टोमॅटो नकोत?"

"मला मासे हवेत!"

ऐकतोय कोण! नऊच्या नऊ आडवी. टोमॅटो आले, लिंबाएवढे. पण पुढच्या उन्हाळ्यात मला घाम फुटला. भिंती गळल्या, मासे नासले, जमीन खचून काचघरही कलंडलं.

"घ्या! तेलही गेलं, तूपही गेलं," बालागिया म्हणाली.

सगळा दोष काही त्याचा नाही. उन्हाळेच कडक झालेत. पलीकडचं रान पेटलं, महिनाभर धूर. जळल्या रानाखालची जमीनही माझ्यासारखीच वितळू लागली. तिच्यात हजारो वर्षं गोठून पडलेली मुळं, पाला आता सडतोय. त्यातून निघणारे वायू हवा आणखी तापवतात आणि तापल्या हवेत पुन्हा रान पेटतं.

गेल्या शरदात न्युकुलायनं गुपचूप लार्चची एकोणीस रोपं लावली. मला शेवाळ पांघरलं, वर भुसा घातला.

"यांची सावली पडेपर्यंत आपण असणार आहोत का?" बालागियानं विचारलं.

"आपण नसू. खड्डा असेल."

"बघू. यंदा एकच लादी ठेव. जुलैअखेर टिकली तर ठीक, नाहीतर बुजवून टाक. एखादं वासरू पडेल आत."

मला केवढी धास्ती बसली म्हणून सांगू! बाबांनो, दारातलं झाड तोडण्याआधी त्याच्या सावलीखाली कोण राहतं ते विचारत जा, एवढंच मागणं.

आज जुलैचा शेवटचा दिवस. न्युकुलाय शिडीवरून उतरला, लादीवरचा भुसा चाचपला. मी जीव मुठीत धरून बसलो.

"अगं, आहे! उशीएवढी आहे अजून!"

वर बालागिया माझ्या काठाशी आली. मग तिनं वाकून हाक दिली, "किटलीपुरती फोडून आण. सगळी आणू नकोस रे, त्याला राहू दे थोडी."