ताशी पंचवीस मैल

मक्याची शंभरी पहिल्यांदा झाली तेव्हा ती शर्यत आहे हे निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं. हॉबार्ट ग्रॅगच्या मक्याच्या शेतात दोन चोरटी दारू वाहणारे आपापल्या गाड्या पळवत होते, कुणाची जास्त पळते याचा एकदाचा निकाल लावायला; आणि त्यांना धरायला आलेले शेरीफ टीग मागून पळत होते. शेरीफ तिसरे आले. हॉबार्टने त्यांचं जाहीर अभिनंदन केलं. त्या दिवसापासून टीग घराण्याला उत्तर कॅरोलायनाच्या त्या डोंगराळ काउंटीत नुसतं 'तिसरे' म्हणतात.

पुढे मका गेला, तांबड्या मातीचा गोल ट्रॅक आला, आणि दर सप्टेंबरात शंभर फेऱ्यांची शर्यत होऊ लागली. एका वर्षी जिंकलेली गाडी चोरीची निघाली. तिचा मालक प्रेक्षकांत बसून तिलाच ओरडून ओरडून चेव देत होता. एका वर्षी पाद्रीबुवांनी शर्यतीचा निषेध म्हणून ट्रॅकच्या मधोमध प्रवचन दिलं. गर्दी पाहून पुढच्या वर्षी ते स्वतःच गाडी घेऊन आले. पण शर्यत एकदाही चुकली नाही. चुकवून चालणारच नव्हतं. जमीन हॉबार्टच्या सासऱ्यांची, म्हणजे फेनेलांची. देताना म्हातारा म्हणाला होता, "शर्यत होतेय तोवर तुझी. चुकली की आमची."

आता हॉबार्ट नव्हता. ट्रॅक त्याची मुलगी ओलेटा चालवायची. झेंडे तीच दाखवायची आणि सँडविचसाठी बलोनी सॉसेजचे कापही तीच तळायची. आणि तिचा मामेभाऊ कर्टिस फेनेल, जो आता काउंटीचा कमिशनर होता, त्याला त्या जागेवर घरं बांधायची होती.

कर्टिसने शर्यतीवर बंदी आणली नाही. बंदी आणली असती तर लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिलं नसतं. त्याने धुळीची तक्रार केली आणि कोर्टाकडून हुकूम आणला : या जागेवर कुठलीही गाडी ताशी पंचवीस मैलांच्या वर जाणार नाही.

"शर्यत घे ना, ताई," तो गोड हसून म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतोय?"

"घेणारच आहे," ओलेटा म्हणाली.

"पंचवीसने?"

"तू लग्नात नाचलास त्यापेक्षा वेगातच होईल."

शनिवारी सगळे आले. हुकूम पाळला जातोय की नाही हे बघायला डेप्युटी शेरीफ लॉनी टीगही आला, शेरीफ टीगांचा नातू. वेग मोजायचं यंत्र हातात धरून तो कुंपणापाशी उभा राहिला.

"लॉनी, एवढ्या गाड्या एकदम कशा मोजणार तू?" ओलेटाने विचारलं.

"तोच विचार करतोय, मावशी."

"तू तुझी गाडी घेऊन सगळ्यांच्या पुढे चाल. पिवळ्या झेंड्याखाली कुणी कुणाला ओलांडायचं नसतं. तू पंचवीसने गेलास की सगळे पंचवीसनेच येतील."

लॉनीला हे पटलं. पटल्यावर त्याला जरा काळजीही वाटली, पण तोवर ओलेटाने पिवळा झेंडा उंच केला होता. पोलीस पुढे आणि मक्याची शंभरी मागे, असं इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. प्रेक्षक उभे राहून ओरडले, मग हळूहळू खाली बसले, कारण गाड्या परत यायला वेळ होता.

अडचण दहाव्या फेरीनंतर सुरू झाली. शर्यतीच्या गाडीला वारा लागतो; रांगत गेली की इंजिन उकळतं. एकेक गाडी वाफ सोडत बाजूला बसू लागली. कुठल्याही ट्रॅकवर निम्म्या फेऱ्या झाल्या की शर्यत झाली असं धरतात. म्हणजे पन्नास हव्या होत्या. बेचाळिसाव्या फेरीत शेवटची गाडी, आर्विल हॉलिफिल्डची, शिटी वाजवून थांबली.

कर्टिस कुंपणावरून उतरला. "संपलं, ताई. पन्नास झाल्या नाहीत. ट्रॅकवर एक गाडी नाही."

"एक आहे," ओलेटा म्हणाली.

लॉनीने मागे पाहिलंच नव्हतं. तो एकटाच इमानदारीत पंचवीसने चालला होता. शर्यतीत उतरायचे हॉबार्टचे नियम सोपे होते : गाडीला छत हवं, दारावर नंबर हवा, आणि चालवणाऱ्याला स्वतःचं नाव सांगता आलं पाहिजे.

तो समोर आला तशी ओलेटा ओरडली, "लॉनी, दारावर नंबर काय?"

उत्तरासाठी अख्खी फेरी थांबावं लागलं. "बारा! का?"

"तुझं नाव काय?"

पुढच्या फेरीला तो म्हणाला, "तुला माहीत आहे की, मावशी!"

"तू सांग!"

त्याच्या पुढच्या फेरीला, "लॉनी टीग!" मग त्याला मागची रिकामी माती दिसली, आणि आपण कशात सापडलोय हेही कळलं.

"थांब!" कर्टिस धावत ट्रॅकच्या कडेला आला. "मी कमिशनर सांगतोय, गाडी थांबव!"

लॉनी थांबला नाही. नुसता पुढे गेला. ओलेटाने झेंड्याची काठी घट्ट धरली. ही फेरी तिला बापाच्या सगळ्या वर्षांएवढी लांब वाटली. तो वळणावरून बाहेर पडला तेव्हा तिने पाहिलं : वेग तोच होता, फक्त कोपर आता खिडकीबाहेर होतं.

"हुकुमात हळू जा म्हटलंय," तो जाता जाता कर्टिसला म्हणाला. "थांबा म्हटलेलं नाही."

प्रेक्षकांतून कुणी तरी ओरडलं, "अरे तिसऱ्या, दाब की!"

"पंचवीस!" लॉनी ओरडला. "पंचवीसच!"

पन्नासावी फेरी झाली तेव्हा आर्विल टोपी उडवून नाचला. कर्टिस घाम पुसत म्हणाला, "झाली ना तुझी शर्यत? आता तरी बंद कर हा तमाशा."

"नाव काय आहे शर्यतीचं?" ओलेटाने विचारलं.

तो कुंपणाकडे वळला.

"शंभरी," ती म्हणाली. "पन्नाशी नाही. बस, सँडविच खा."

तासाभराने, शेवटच्या फेरीला, लॉनीने सायरन लावला. धूळ मुळीच उडाली नाही. ओलेटाने शर्यत संपल्याचा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा इतक्या जोरात फिरवला की काठी मोडली.

लॉनी गाडीतून उतरला, कमरेत वाकलेला. "मावशी, मी कितवा?"

"तुला काय वाटतं?"

"नाही, लोकांना ऐकू येईल असं सांग."