हरणाचा उघडा डोळा

आत्याला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं, त्यामुळे तिच्या वाटणीची भीतीसुद्धा भाचीलाच बाळगावी लागे. आणि ती बाळगतही असे, इमानेइतबारे. कोरीवकामाच्या त्या लांबट खोलीत पाऊल टाकलं की ती जीव मुठीत धरूनच वावरायची. आत्या तिला भागूबाई म्हणायची, आणि गिऱ्हाइकांसमोरही म्हणायला कमी करायची नाही.

भिण्याला कारण होतं. मागच्या वर्षी आत्या दाराच्या फळीवर वेल कोरत असताना फळी टेबलाशी आवळून धरणारा कडेचा शिकंजा सैल झाला, फळी फिरली आणि ग्राइंडरची दातेरी चकती तिच्या डाव्या मनगटावरून गेली. हात वाचला, पण बोटं मिटेनात. शिकंजा आवळायला दोन हात लागतात. आत्याकडे एकच धड हात उरला होता. त्या एका हातावर दोघींचं पोट होतं आणि आत्याचा सगळा तोराही.

म्हणून भाचीनेच व्हॅक्यूम क्लॅम्प आणला. टेबलावर बसवलेला सपाट पाट, त्याच्या खाचेत रबराची दोरी, खाली हवा ओढणारा पंप. गुळगुळीत पाठीची फळी वर ठेवायची आणि पंप सुरू करायचा. मधली हवा गेली की फळी अशी चिकटते की दोघींनी मिळून ढकलली तरी हलत नाही. पंपावरच्या तबकडीतला काटा हिरव्या पट्ट्यात असला म्हणजे पकड पक्की. आत्याने पहिल्याच दिवशी फळीला दणके मारून पाहिले आणि म्हणाली, "जळू आहे मेली." तेव्हापासून त्याचं नाव जळू पडलं. आत्या कामाला लागली की भाची त्या काट्यावर नजर लावून बसायची.

त्या दुपारी जळूवर हरणाची फळी होती. भाची पॉलिशचा डबा आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि परत येताना दारातच थबकली. पंपाचा आवाज बदलला होता. एरवी तो एका सुरात घोरायचा, आता धापा टाकत होता. तिने काट्याकडे पाहिलं. तो हिरवा पट्टा सोडून खाली आला होता आणि अजून उतरतच होता.

मग तिची नजर फळीवर गेली. हरणाचा डोळा उघडा होता. आत्याची ही जुनी खोड. कोरलेल्या प्राण्याचा डोळा ती आरपार पाडायची. मागून उजेड आला की जनावर बघायला लागतं, असं तिचं म्हणणं. शिकंज्याला त्याचं काही सोयरसुतक नसे. पण जळूचं सगळं बळ फळीखाली हवा नसण्यात, आणि आत्याने सवयीने, बारीक टोकाच्या मशीनने, तिथेच हवेला वाट करून दिली होती. एवढं करून बाई आता मोठा ग्राइंडर घेऊन, डाव्या कोपराचा नुसता आधार देऊन, शिंगांवर भार टाकत होत्या.

भाचीने हाक मारली. आत्याच्या कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड वाट्या होत्या. मागून जाऊन खांद्याला हात लावावा, तर चालत्या मशीनवरच्या माणसाला मागून शिवायचं नाही हा आत्याचाच पहिला धडा. दचकली तर चकती कुठे जाईल सांगता येत नाही. मेन बटण बंद करावं, तर पंपही थांबेल आणि जळू तिथल्या तिथे सोडेल, चकती मात्र आणखी थोडा वेळ फिरतच राहील.

फळी हलली. जेमतेम केसभर, पण हलली.

पुढचं तिने विचार करून केलं असं काही नाही. ती टेबलाच्या पलीकडे गेली, समोरून वाकली आणि हरणाच्या डोळ्यावर अंगठा दाबला. हवेने तो खाली खेचून धरला. पंप हळूहळू शांत झाला, काटा वर चढू लागला.

आता ती स्वतःच बूच झाली होती. भुसा आणि ढलप्या हातावर सपासप बसत होत्या. आत्याचा चष्मा भुशाने माखलेला, तिची नजर चकतीच्या धारेवर. चकती शिंगांवरून कानापाशी आली, कानावरून कपाळावर. अंगठा काढला की फळी सुटणार, आणि नाही काढला तर अंगठाच जाणार. भाचीला रडू फुटलं, पण अंगठा तिने हलवला नाही. चकती चार बोटांच्या अंतरावर आली तेव्हा कुठे आत्याला तो दिसला.

आत्याने ग्राइंडर सावकाश उचलला, बंद केला आणि चकती थांबेपर्यंत तसाच हवेत धरून ठेवला. मग कानांवरच्या वाट्या काढल्या.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? चकतीखाली हात घालतेस?"

"डोळा," भाची म्हणाली. "डोळा पाडलास ना तू. जळू सुटत होती."

तिने अंगठा ओढून काढला. पंप पुन्हा धापा टाकू लागला आणि काटा घसरत गेला. आत्या काट्याकडे बघत राहिली. मग तिने एका बोटाने फळी ढकलली. ती सहज सरकली.

आत्या स्टुलावर बसली. आता भागूबाई म्हणून दोन टोमणे येणार, असं भाचीला वाटलं. पण आत्याने तिचा अंगठा आपल्या धड हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. त्यावर लाल गोल वळ उठला होता. आत्याचा हात थरथरत होता.

"मला रोज भीती वाटते गं," ती म्हणाली. "मागच्या वर्षापासून. मशीन उचलली की वाटते. तू काट्याकडे बघत असतेस ना, म्हणून मी बघतच नाही तिकडे. बघितलं तर हातच उचलणार नाही."

आजवर भाची मनसोक्त घाबरत आली होती ते घरात एक न घाबरणारं माणूस आहे या भरवशावर. आता ते माणूस नव्हतं. तिने तो थरथरणारा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि आपले हात थरथरू नयेत म्हणून दात आवळून बसली.