मिठूची फीत

वखारीत त्या दिवशी इतकी माणसं कोंबली होती, की एखाद्याला शिंक आली असती तर ती शेजाऱ्याच्या नाकानंच द्यावी लागली असती. लाकडाची वखार ती. फळ्यांच्या थप्प्यांवर माणसं, थप्प्यांमधल्या फटींत माणसं, आणि समोर दोन खोकी जोडून केलेल्या मंचावर दुभाष्या उभा. नाकीडोळी नीटस, आवाज तुपात घोळलेला. एक हात कानामागे आणि दुसरा छताकडे, जणू वरून कुणीतरी दोरी सोडणार होतं.

त्याच्या पुढ्यात गावातला दातांचा डॉक्टर गुडघे टेकून, डोळे मिटून बोलत होता, "शरबा लोतो, शरबा लोतो, कींदोरी शरबा..."

"थांबा!" दुभाष्या कळवळला. "येतोय! अर्थ येतोय! प्रभू म्हणतो, माझ्या लेकरा, तुझ्या थरथरत्या हातांना मी बळ देतो. लोकांच्या वेदनेत तू हात घालतोस, मी तुझ्या वेदनेत घालीन."

"आमेन!" वखार दणाणली. वरच्या थप्पीवरून भुसा गळला आणि तो दातांच्या डॉक्टरच्या डोक्यावर पडला, तर दोन म्हाताऱ्यांनी तो स्वर्गातून आला म्हणून पदरात बांधून घेतला.

मागच्या खांबापाशी कर्ण्याच्या यंत्राजवळ बसलेला रेडिओमास्तर मात्र आमेन म्हणाला नाही. कर्णा त्याचाच, तारा त्याच्याच. पन्नाशी उलटलेला हा माणूस बिघडलेल्या रेडिओला कान लावून नुसत्या खरखरीवरून दोष सांगायचा. त्याला कधीपासून एक गोष्ट खटकत होती. डॉक्टरचे हात थरथरतात हे दुभाष्याला सांगितलं कुणी? शरबा लोतोनं की दारातल्या बाईनं? दारात एक गोड बोलणारी बाई टेबल मांडून बसायची आणि आत जाणाऱ्याकडून प्रार्थनेची चिठ्ठी लिहून घ्यायची: धंदा काय, दुखणं काय, औषध कोणतं. चिठ्ठी आधी आत जायची, माणूस मागून.

आता हे सगळं आलं कुठून, ते सांगायला हवं. गावातली बॅप्टिस्ट मंडळी म्हणजे मोठी सरळमार्गी. बाप्तिस्मा घ्यायचा तर टाकीत डोक्यापर्यंत बुडवून, आणि निर्णय घ्यायचा तर हात वर करून. प्रार्थनाघराच्या पायपुसण्याचा रंगसुद्धा त्यांनी बहुमतानं ठरवलेला. वीस वर्षांपूर्वी त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न आला: प्रार्थना करताना आपोआप तोंडी येणाऱ्या, कुणालाच न कळणाऱ्या 'अन्य भाषांत' बोलण्याचं काय करायचं? शास्त्रात लिहिलंय, म्हणून नाही म्हणता येईना. उपासनेत गोंगाट नको, म्हणून हो म्हणता येईना. शेवटी हात वर झाले आणि ठराव झाला: ज्याला आत्म्यानं भाषा दिली असेल त्यानं ती घरी, दार लावून बोलावी. बाहेर वाच्यता नको.

मंडळी शब्दाला पक्की. वीस वर्षं कुणी कुणाला सांगितलं नाही. दातांचा डॉक्टर दवाखान्याच्या अंधाऱ्या खोलीत बोलायचा, पाववाली पिठाच्या कोठारात, ग्रंथपालबाई कपाटांच्या मधल्या बोळात. प्रत्येकाला वाटायचं, असे आपण एकटेच. मग हा दुभाष्या आला, म्हणाला, "तुमच्या भाषेला अर्थ आहे, तो मला कळतो," आणि एका आठवड्यात तेवीस दारं उघडली! त्यातलं एक दार रेडिओमास्तरच्या घरातलं होतं.

त्याची बायको कपडे शिवायची. साऱ्या गावाला ती शिवणकाकू. गेली अकरा वर्षं रोज दुपारी मशीनच्या खोलीचं दार लावून ती अर्धा तास काहीतरी पुटपुटायची. बाहेरून त्याला नुसता सूर ऐकू यायचा. त्यानं कधी विचारलं नाही. मुलगी गेल्यावर ज्याला जिथे आधार मिळतो तिथे तो घ्यावा, एवढं त्याला कळत होतं.

मुलगी एकुलती एक. बोलता यायचं नाही, नुसते आवाज काढायची, म्हणून बापानं लाडानं नाव ठेवलेलं मिठू. छातीचं दुखणं घेऊनच आली आणि नवव्या वर्षी ते घेऊन गेली.

शिवणकाकूला साखरेचा आजार. रोज सकाळी रेडिओमास्तर तिच्या दंडात इन्शुलिनची सुई द्यायचा. दिवसभर सुयांशी खेळणारी बाई, पण ती एक सुई तिला बघवायची नाही. "झालं का हो?" "अगं, अजून टोचलीच नाही." "मग दुखतंय कशाला?" दहा वर्षं रोज हाच संवाद.

तो संवाद तीन आठवड्यांपूर्वी थांबला. वखारीत गुडघे टेकून ती आपली भाषा बोलली आणि दुभाष्यानं अर्थ सांगितला, "मुली, प्रभू म्हणतो, सुई सोड. तुझं रक्त मी गोड नव्हे, शुद्ध केलं आहे." तिनं घरी येऊन इन्शुलिनची कुपी बटणांच्या डब्यात ठेवून दिली.

"अगं, हा वेडेपणा आहे."

"तुम्हाला कशात काही दिसतच नाही. तुमचं सगळं तारेतून यायला हवं."

आठ दिवसांत ती तांब्यावर तांब्या पाणी पिऊ लागली. ब्लाउज अंगावर लोंबू लागलं. मशीनच्या पायट्यावर घासून पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरला बाजूला घेतलं. "अंगठा तर बहुतेक जाईलच. सुई सुरू झाली नाही, तर पाय जाईल, नाहीतर बाईच जातील. बांधून आणा, काहीही करा."

बायकोला बांधून आणणारा नवरा तो नव्हता. त्यानं आपल्या परीनं एक प्रयोग केला. दातांच्या डॉक्टरचं आधीच्या एका सभेतलं बोलणं त्यानं कर्ण्याला जोडलेल्या टेपरेकॉर्डरवर टिपून ठेवलेलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याच फितीचा तोच तुकडा, "परगावच्या एका मावशीचा" म्हणून, नवी चिठ्ठी लिहून लावला. तेच शरबा लोतो. या वेळी अर्थ निघाला की मावशीचा रुसलेला मुलगा घरी परत येईल! मास्तरनं दोन्ही अर्थ मंडळीच्या धर्मगुरूंपुढे, पाळकसाहेबांपुढे ठेवले. पाळकसाहेबांनी भर सभेत विचारलं. दुभाष्या पोट धरून हसला.

"अहो साहेब, एकाच विहिरीत दोघांनी पोहरा टाकला, तर दोघांना तेच पाणी मिळतं का?"

खरं म्हणजे तेच मिळतं. पण दुभाष्यानं ते इतक्या झोकात विचारलं की वखार टाळ्यांनी भरून गेली. शिवणकाकूनंही टाळ्या वाजवल्या आणि घरी येईपर्यंत ती नवऱ्याशी बोलली नाही.

त्याच रात्री त्यानं दुकानाचा मागचा खण उघडला आणि अकरा वर्षं हात न लावलेली एक फीत काढली.

मिठू जायच्या आधीच्या महिन्यातली ती. काकू कापड आणायला गेली होती, पोरीला ताप होता, म्हणून तो तिला दुकानात घेऊन बसला होता. एक टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला का बघायला त्यानं बटण दाबलं आणि पोर गायला लागली. ते गाणं त्यात उतरलं. तो ते कधी ऐकू शकला नव्हता. बायकोला तर ते आहे हेच माहीत नव्हतं. तिला कसं सांगायचं, हे कळण्यातच अकरा वर्षं गेली होती. आता सांगायला वेळ उरला नव्हता.

चिठ्ठी त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली: नात्यातली मुलगी, वय नऊ, छातीचं दुखणं, औषध चालू. चिठ्ठीत एक शब्द खोटा नव्हता. फक्त साल लिहिलेलं नव्हतं.

तर असा तो दिवस. दातांचा डॉक्टर भुसा झटकत उठला. शिवणकाकू पुढून दुसऱ्या रांगेत, मांडीवर पाण्याची बाटली. दुभाष्यानं चिठ्ठीवर नजर टाकली आणि हाक दिली, "रेडिओमास्तर! तुम्हीसुद्धा? आज स्वर्गात दिवाळी साजरी होणार!" हशा पिकला. मास्तरनं बटण दाबलं.

खरखर झाली. मग बारीक, घोगरा, तापलेला आवाज आला. "अबुला... अबुला... होमा, अबुला..."

दुसऱ्या रांगेत बाटली पडल्याचा आवाज झाला.

"अहाहा!" दुभाष्यानं डोळे मिटले. "लेकराच्या तोंडून! ऐका, मंडळी. प्रभू म्हणतो, मी या मुलीच्या छातीवर हात ठेवला आहे. तिची औषधं बंद करा. ही वाढेल, हिचं लग्न होईल. या घरात हिची लेकरं रांगतील!"

"आमे..." कुणीतरी सुरू केलं, आणि ते अर्ध्यावरच विरलं. कारण शिवणकाकू उभी राहिली होती. दुखरा पाय उचलून उचलून ती मंचाकडे चालत होती.

"काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

"बाई, आत्म्यानं..."

"आत्म्याचं राहू द्या. तिची लेकरं कुठे रांगतील म्हणालात? ती माझी मुलगी आहे. तिला जाऊन अकरा वर्षं झाली."

थप्प्यांवरची माणसं पुढे वाकली.

दुभाष्या पट्टीचा. लगेच म्हणाला, "स्वर्गातल्या लग्नाबद्दल प्रभू..."

"पाणी मागतेय ती," काकू म्हणाली. "अबुला म्हणजे पाणी. होमा म्हणजे जवळ घे. चाळीस शब्द होते तिचे, चाळीसच्या चाळीस येतात मला. जगात एकटी मीच उरलेय हे कळणारी. आणि तुम्ही मला अर्थ सांगता?"

मग ती नवऱ्याकडे वळली. "थांबवलंत का? पुढे चालवा."

त्याचा हात उठेना. तिनंच जाऊन बटण दाबलं.

"अबुला... अबुला..." आणि मग त्याचा स्वतःचा, अकरा वर्षं तरुण, खुशीत आलेला आवाज वखारभर घुमला. "वा रे माझी मिठू! गा, गा! अजून गा!" आणि पोर पुन्हा, "अबुला... अबुला..." आणि तो, "शाब्बास!"

सहा वेळा. काकूनं सहाही वेळा ऐकलं आणि मग बंद केलं.

रेडिओमास्तर खांबाला टेकून खाली बसला. दुभाष्याला पकडायला लावलेल्या सापळ्यात दोन दुभाषे सापडले होते. दुसऱ्यानं तर अर्थ सांगायला डोळेही मिटले नव्हते.

त्या दिवशी कुणी कुणाला मारलं नाही, धक्काबुक्की झाली नाही. लोक खाली बघत निघून गेले. दारातल्या बाईचं टेबल मागे राहिलं, त्यावर धंदा, दुखणं, औषध लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. दातांच्या डॉक्टरनं आपली चिठ्ठी शोधून वाचली. "हात थरथरतात." अक्षर त्याचंच होतं. त्यानं ती पाळकसाहेबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "आत्म्याला सांगायच्या आधी मी दारातल्या बाईला सांगितलं होतं, साहेब."

घरी काकू खाटेच्या कडेवर बसली. तो दारातच उभा राहिला.

"मला वाटलं ती गातेय," तो म्हणाला.

"कळलं ते."

"विचारायचं होतं गं कुणालातरी."

"मला विचारायचं होतं." ती भिंतीकडे बघत होती. "दार लावून मी काय बोलायचे, ठाऊक आहे? तिचेच शब्द. आधी मुद्दाम बोलायचे, विसरू नये म्हणून. मग ते आपोआप यायला लागले, उलटेसुलटे, भरभर, तिचे नसलेलेही. मला वाटलं, देवानं तिची भाषा उचलली. त्यानं उचलली म्हणजे अर्थही नवा दिला असेल. म्हणून त्या माणसाकडे गेले." मग ती म्हणाली, "मी पण पाणीच मागत होते. आणि त्यानं सांगितलं, सुई सोड."

तिनं दंड पुढे केला. तो बटणांच्या डब्यातली कुपी घ्यायला गेला. ती कुपी तीन आठवडे उकाड्यात पडलेली, म्हणून तो धावत जाऊन दवाखान्यातून नवी घेऊन आला.

"झालं का हो?"

"अगं, अजून टोचलीच नाही."

पुढचं वाक्य ती बोलली नाही.

अंगठा गेला तो गेलाच. पंधरवड्यानं उपासनेनंतर मंडळीची सभा भरली, तेव्हा काकू काठी टेकत आली. दुभाष्या तोवर पुढच्या गावी पोचला होता, आणि तेवीसपैकी सहाजण त्याच्या मागोमाग तिकडे जात होते, हेही सांगायला हवं. डोळ्यांदेखत फुगा फुटला तरी काहींच्या हातून दोरी सुटत नाही.

"शिवणकाम करणारी बाई मी," काकू उभी राहून म्हणाली, "तेवढंच मला कळतं. मशीनला धागा ओवलेला नसला तरी पायटा मारला की सुई वरखाली होते. आवाज तोच येतो. फक्त टाका पडत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, जिभेचंही तसंच. डोळे मिटून सैल सोडली की ती चालते, आणि तिला माहीत असलेलेच आवाज फिरवून फिरवून काढते. त्यात वाईट काही नाही. ज्याला त्यातून बरं वाटतं त्यानं दार लावून बोलावं. पण कुणी येऊन त्याचा अर्थ सांगायला लागला, तर त्याला आधी अशी गोष्ट विचारा जिचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. एकच गोष्ट दोनदा विचारा. आणि औषध सोड म्हणाला, तर पुढे काहीच विचारू नका, दार दाखवा. समजत नाही, तर समजत नाही म्हणावं. माणूस त्यानं लहान होत नाही. समजलं असं धरून चाललं, की कुणीतरी तहानलेलं राहतं."

हे शेवटचं बोलताना तिनं नवऱ्याकडे बघितलं नाही. तिथे ज्यानं त्यानं आपापल्या पायांकडे बघितलं.

काकूचं बोलणंच ठराव म्हणून मतदानाला आलं. हात वर झाले. सगळे नाहीत, पण पुरेसे.

आता दुपारी मशीनच्या खोलीचं दार उघडं असतं. काकू मशीनवर आणि रेडिओमास्तर खाली चटईवर, मांडीवर शाळेची जुनी वही. ती एक शब्द सांगते, तो लिहितो, मग म्हणून दाखवतो. चुकला की ती मान हलवते, तो पुन्हा म्हणतो. चाळीसातले सतरा झालेत. पहिल्या पानावर पहिल्याच ओळीत त्यानं "अबुला" लिहिलंय. तो शब्द मात्र तिनं त्याला म्हणून दाखवायला सांगितलेला नाही.