हळदीच्या कॅसेटमधला आवाज

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसू नयेच. ऐकणारा मी असतो तर केव्हाच उठून गेलो असतो. पण तुम्ही बसला आहात, तर ऐका.

माघ सरत आला होता. कृष्णाकाठच्या खळ्यांवर शिजवलेली हळद वाळत पडली होती. पीतवर्णी, पीतगंधी, दृष्टी थकेपर्यंत पीतच पीत. ऊन त्या हळदीवर टेकायचं आणि अंगाला पिवळं माखूनच उठायचं. आमच्या गावचे कावळेसुद्धा त्या दिवसांत पिवळे दिसतात, हे मी शपथेवर सांगतो.

अशा त्या हरिद्रामयी दुपारी माझी लेक केतकी माहेरी आली. पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून म्हणाली, "अप्पा, मला आईचा आवाज ऐकायचाय."

आईचा आवाज. शालन गेली तेव्हा ही पाळण्यात होती. शालनचा चेहरा फोटोत उरला, शालू पेटीत उरला, हाताची चव धाकट्या बहिणीच्या, कुंदाच्या हातात उरली. आवाज तेवढा वाऱ्यावर गेला. घरात कॅसेट एकच. कुंदाच्या लग्नाची हळद दळली, तेव्हाची. जात्याभोवती बायका, बायकांच्या कंठी ओव्या, ओवीवर ओवी, लाटेवर लाट. आणि त्या स्वरकल्लोळात कुठेतरी, जत्रेत हात सुटलेल्या माणसासारखी, माझी शालन.

मी स्टिरिओवरची धूळ पुसली. त्याच्या कपाळावर इक्वलायझर. खाली-वर सरकणाऱ्या इवल्या खुंट्यांची रांग. डाव्या हाताला मेघमंद्र जड स्वर, उजव्या हाताला सुईच्या अग्रावरचे झिरझिरीत स्वर, आणि मधोमध माणसाचा गळा. खुंटी चढवावी, तो स्वर तरंगतो; खुंटी उतरवावी, तो स्वर बुडतो. कुंदा शेजारी सुपात हळकुंडं निवडत होती.

कॅसेट फिरू लागली. आधी नुसती घरघर; कृष्णपाषाणाची, जुनाट, दिशा भरून टाकणारी घरघर. मी डावीकडची खुंटी तळाला नेली आणि जातं मुकं झालं. इतकं मुकं, की पलीकडच्या आळीतली पिठाची गिरणीही जागच्या जागी थांबली.

"गिरणी या वेळेला बंदच असते, दाजी," कुंदा सुपातून मान वर न करता म्हणाली. "तो जेवायला जातो."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. उजवीकडची खुंटी उतरवली; फितीची सूं-सूं विरली, बांगड्यांची किणकिण विरली. त्यालगतची उतरवली; भागीरथीकाकूचा फाटका, पण अभिमानी सूर रुसला, आणि पदर झटकून स्पीकरच्या जाळीतून बाहेर पडला. मी त्याला दारातून जाताना पाहिला.

"चहा घेऊन गेला का?" केतकी हसली. पण तिचे डोळे त्या जाळीवरून हलले नव्हते.

मग मी मधली खुंटी चढवली. हळू. दुधावरची साय बोटानं सारावी तशी. एकेक कंठ मागे सरला, एकेक ओवी दूर गेली, आणि त्या रिकाम्या झालेल्या सोनेरी अवकाशात एकच आवाज उभा राहिला. ओला, कोवळा, किंचित कापरा; पहाटेच्या दहिवरासारखा, स्पर्श करावा तर विरून जाणारा. खोलीत ओल्या हळदीचा वास भरला. स्पीकरचा काळा कागद पिवळा झाला.

माझ्या कानांतून शालन केव्हाच झिजून गेली होती. इतक्या वर्षांत आठवण उरते, स्वर उरत नाही. पण लेक दारातून रिकाम्या ओंजळीनं परत जावी कशी? सगळ्यांत गोड जो गळा, तो शालनचा. असं मी ठरवलं, आणि ठरवताक्षणी मला तो ओळखूही आला.

"हीच," मी म्हणालो. "हीच तुझी आई."

केतकीनं तळवा जाळीवर ठेवला. तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. ती ओवी तिच्या तळहातात थरथरत राहिली, तिचे ओठ त्या शब्दांमागून हलू लागले, आणि तिच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी वाहू लागलं. बाहेर ऊन थबकलं. कृष्णा थबकली. खळ्यावरची हळद उजळली, अधिक उजळली.

कुंदाचं सूप थांबलं.

"नका हो खोटं सांगू तिला, दाजी," ती म्हणाली. "ही कमळामावशी. माझीच हळद होती, मी समोर बसले होते. ताईनं त्या दिवशी एक ओळ म्हटली नाही. टेप तिनंच मांडीवर घेतला होता, कुणाला हात लावू देईना. आम्ही सगळ्या गात होतो, बाळा. आणि तुझी आई बटणावर बोट ठेवून, ओठ मिटून, ऐकत होती."