दुपट्ट्याखालचा भाव

“ओरडा!” मी म्हटलं.

पुंजाजीनं छाती फुगवली, तोंड उघडलं आणि “बारा” असं काहीतरी पुटपुटला. समोर बांधलेली माझी बकरी चघळायचीसुद्धा थांबली नाही.

“पुंजाजी, बकरी दोन हातावर उभी हाये. तिलेच आयकू नाई गेलं, तर इनिस्पेक्टरले काय जाईन?”

“तिले आयकू जाऊन उपेग काय, सूर्यभान्या? तिचीच किंमत सांगून राह्यलो. वाईट वाटन तिले.”

आता या माणसाला काय शिकवणार? आमच्या बैलबाजारात तीस वर्षं दलाली केली त्यानं. पण बैलाचा भाव त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. त्याच्या बायकोनंही नाही. मैनाबाईला बाजारातून आल्यावर मेथी कितीला आणली हे विचारायची सोय नव्हती. नवरा पदराखाली बोटं दाबून सांगायचा, असं मी गावभर पसरवलं होतं. मैनाबाई मला लाटणं घेऊन शोधत होती, पण खोटं आहे असं काही म्हणाली नाही.

तेल्हाऱ्याच्या वाटेवर, नाल्याच्या काठी दर बुधवारी हा बाजार भरतो. माझं तिथं घुंगरमाळा, कासरे, बैलाच्या तोंडाला बांधायच्या मोरक्या यांचं दुकान. दुकान म्हणजे चार बांबू आणि एक तरट. तिथं बसून मी पुंजाजीचं काम बघत आलो. बैल विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, मध्ये पुंजाजी. खांद्यावरचा दुपट्टा काढायचा, हातावर टाकायचा. घेणाऱ्यानं त्याखाली हात घालून पुंजाजीची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. शेकडा की दहाई, हे बैलाकडे बघून कळतं. मग तोच हात विकणाऱ्याच्या हातात. वर तिघं पावसापाण्याच्या गोष्टी करत असतात आणि खाली सौदा चाललेला. जमला तर बैलाच्या पाठीवर थाप. कितीला गेला, ते त्या तिघांना ठाऊक आणि देवाला.

एकदा मी गिऱ्हाईक बनून गेलो आणि दुपट्ट्याखाली बोटांच्या जागी चार भेंड्या दिल्या. पुंजाजीनं त्या नीट दाबून पाहिल्या. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. विकणाऱ्याकडे वळून म्हणाला, “गिऱ्हाईक बिमार दिसते. हाडंच नाईत.” आणि भेंड्या घरी घेऊन गेला.

असं सगळं बरं चाललं होतं. सरकारं बदलली. आधी आम्ही नागपूरच्या राज्यात होतो, मग मुंबईच्या मोठ्या राज्यात गेलो, मग साठ साली महाराष्ट्र झाला. दर खेपेला नवा फॉर्म आला. बैलाची शिंगं दोनच राहिली. पण बासष्टच्या दिवाळीनंतर बाजार कमिटीचा इन्स्पेक्टर आला, साताऱ्याकडचा, गोरा, पोरगेला, घामानं भिजलेला. त्यानं पाटी लावली. यापुढं फडक्याखाली सौदा बंद. भाव दलालानं मोठ्यानं पुकारायचा, चारचौघांनी ऐकायचा. जो पुकारील त्याला पितळी बिल्ला. ज्याला बिल्ला नाही, त्यानं बाजारात दलाली करायची नाही.

वाईट माणूस नव्हता हो. मला म्हणाला, “अहो, या फडक्याखाली गरिबाला फसवतात. दलाल विकणाऱ्याला एक सांगतो, घेणाऱ्याला दुसरंच.”

ते खरंच होतं. खुशालराव दलालानं त्याच धंद्यावर माडी बांधली होती. पण बिल्ल्याची पाटी लागल्याबरोबर खुशालराव अशा आवाजात पुकारायला लागला की दोन बैल दावं तोडून पळाले. त्याला पहिला बिल्ला मिळाला. अडला तो पुंजाजी.

तर पुढच्या बुधवारी पुंजाजीची परीक्षा. एक सौदा करून दाखवायचा, भाव पुकारायचा. बकरीपुढं चार दुपारी घालवल्यावर मी नाद सोडला आणि माझ्या डोक्यातून नेहमीसारखी एक नामी आयडिया निघाली.

“पुंजाजी, तुमी नुसतं तोंड हलवा. मी मांगं उभा राह्यतो. ओरडीन मी.”

“अन् भाव तुले कसा कयन?”

“डावा हात पाठीमांगं घ्या. बोटं दाखवा. आधी शेकडा, मंग दहाई.”

पुंजाजीनं डावा हात पाठीमागं नेऊन पाहिला. मग म्हणाला, “ही तं चोरी झाली.”

“नाटक झालं. नाटकाले काय लोक चोरी म्हनते?”

हसला. त्याला दोनच दात पुढं होते, ते दोन्ही दिसले. म्हटलं, जमलं.

बुधवार उजाडला. इन्स्पेक्टर खुर्ची टाकून बसला, मांडीवर फॉर्म. पुंजाजी धुतलेलं धोतर नेसून आलेला. आणि सौदा कोणता यावा समोर? दुर्गाबाईचा चांद्या.

चांद्या म्हणजे कपाळावर पांढरा चंद्र असलेला बैल. चांद्या आणि बाशिंग्या, ही जोडी शंकरपटाच्या शर्यतीत पळायची. दुर्गाबाईचा नवरा पटाचा वेडा. एका वर्षी या जोडीनं पट मारला तेव्हा अमरावतीच्या एका शौकिनानं जागच्या जागी अकराशे देऊ केले होते आणि नवऱ्यानं त्याला चहा पाजून परत पाठवलं होतं. नवरा गेला. श्रावणात बाशिंग्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, तोही गेला. उरला एकटा चांद्या. जोडी फुटलेला, वयानं उतरलेला. एकट्या बैलाला ना वखराला जुंपता येत, ना बंडीला.

दुर्गाबाई पुंजाजीजवळ आली. डोक्यावरचा पदर पुढं ओढून हळूच म्हणाली, “पुंजाजी भाऊ, एवढं करा. भाव कोनाले आयकू जाऊ देऊ नका. अकराशाच्या जोडीतला बैल व्हता थो. लोक हसतीन.”

पुंजाजीनं मान डोलावली. मी मागंच उभा होतो. भाव तर मलाच ओरडायचा होता.

आणि गिऱ्हाईक कोण? देवमन. तो रेल्वेत गँगमन होता, बारा वर्षं मूर्तिजापूरच्या बाजूला रुळावर हातोडा मारला. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. पुढं नोकरी सोडून तीन एकर वावर घेतलं. एक बैल त्याच्याकडं होता, त्याला जोडी पाहिजे होती. त्याचा बापही या बाजारात यायचा. पण तो त्या टोकाला, विहिरीच्या पलीकडं उभा राहायचा. बाजारातलं कुणी त्याच्या अंगाला अंग लागू देत नव्हतं. पुंजाजी तेवढा उठून त्याच्यापर्यंत चालत जायचा आणि दुपट्ट्याखाली त्याचा हात धरायचा. वरून बघणाऱ्याला काय, नुसता दुपट्टा दिसायचा.

देवमननं चांद्याचे दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवरून हात फिरवला. मग पुंजाजीनं सवयीनं दुपट्टा काढला, तसा इन्स्पेक्टर खुर्चीतून उठला.

“साहेब, आजच्या दिवस,” पुंजाजी म्हणाला. “खाली जमवतो, अन् वर सांगतो.”

“आजच्या दिवस. पण वर भाव आला पाहिजे.”

देवमननं मात्र हात पुढं केला नाही.

“पुंजाजी,” तो म्हणाला, “माह्या बापाचा हात ह्या बाजारात फकस्त तुमी धरला. थे मी इसरलो नाई. पन फडक्याखालीच धरला ना? माहा सौदा उजेडात होऊ द्या. देवमननं कितीले बैल घेतला, थे साऱ्या बाजारानं आयकलं पाह्यजे.”

पुंजाजी त्याच्याकडं बघत राहिला. मग दुर्गाबाईकडं. मी त्या माणसाचा चेहरा वीस वर्षं बघत होतो, भेंड्या दाबतानासुद्धा हलला नव्हता. तो हलला.

“सांगीन,” पुंजाजी म्हणाला. “तुह्या शब्दाबाहेर नाई. पन भाव जमवाले मले हेच एक येते, बाप्पा. हात दे.”

देवमननं हात दिला. दुपट्टा पडला. खाली बोटं बोलली. मग दुर्गाबाईचा हात. पहिल्या खेपेला तिनं नाही म्हणून मान हलवली. पुंजाजी पुन्हा देवमनकडं, पुन्हा तिच्याकडं. तिसऱ्या खेपेला तिनं डोळे मिटले आणि मान डोलावली. पुंजाजीनं चांद्याच्या पाठीवर थाप मारली.

सगळा बाजार गोळा झाला होता. पुंजाजीनं तोंड उघडलं. त्याचा डावा हात पाठीमागं आला. एक बोट. मग चार.

एकशे चाळीस. अकराशाच्या जोडीतला बैल.

मला फक्त ओरडायचं होतं. आयुष्यभर मी दुसरं केलं काय? पोलीस पाटलाच्या नावानं ओरडलो, लग्नात भलत्याच नवरीचं नाव ओरडलो. पण समोर दुर्गाबाई पदराचं टोक दातात धरून उभी आणि बाजूला देवमन कान टवकारून. या दोघांच्या मधून तो आकडा काढायचा कसा? माझा घसा असा बसला की जणू कुणी मोरकी आवळली. पुंजाजीचं तोंड उघडं आणि पाठीमागं बोटं हलताहेत. एक. चार. एक. चार.

लोक खुसखुसायला लागले. खुशालराव मोठ्यानं म्हणाला, “काहून गा पुंजाजी, भाव घशाखाली गियला का?”

इन्स्पेक्टरनं पेन उचललं. “पुकारता येत नसेल तर तसं सांगा. मला लिहावं लागेल.”

देवमननं एकदा हसणाऱ्यांकडं पाहिलं. मग त्याची मान हळूहळू खाली जायला लागली. बापाची जायची तशी.

दुर्गाबाईनं ते पाहिलं. मी तिच्याकडंच बघत होतो म्हणून सांगतो, तिनं तेच पाहिलं. दातातला पदर सोडला, डोक्यावर नीट घेतला आणि दोन पावलं पुढं आली.

“एकशे चाळीस!” बाईचा आवाज नाल्यापल्याड गेला. “आयका सारे! पटाचा चांद्या मी एकशे चाळीसले देला. देवमनजीले देला. हसाचं असन त्यानं आताच हसून घ्या, मले मंग टाईम नाई.”

कुणी हसलं नाही. खुशालराव आपल्या बिल्ल्याला लागलेली धूळ पुसत राहिला.

देवमननं दोन्ही हात जोडले. “जय भीम, बाई. जोडीले लावीन त्याले. एकटा ठेवनार नाई.”

“पट आयकला की कान उभे करते थो,” दुर्गाबाई म्हणाली. “तेवढं करू देजो.” आणि वळून चालायला लागली.

इन्स्पेक्टर फॉर्मकडं बघत होता. “भाव मालकिणीनं पुकारला,” तो म्हणाला. “यात तसा रकाना नाही.” मग जरा मऊ आवाजात, “पुंजाजी, पुढच्या बुधवारी परत बघू. मी थांबतो.”

“नाई, साहेब. ज्याले आवाज हाये त्याले द्या बिल्ला.” पुंजाजीनं माझ्याकडं बघितलं. “ह्या सूर्यभान्याले देला असता, पन त्याचाबी आज बसला.”

“पण तुम्ही करणार काय?”

“पुढच्या बुधवारी बैल पाह्यले येईन. नुसता.”

देवमन चांद्याचा कासरा सोडत होता. पुंजाजी त्याच्याजवळ गेला. हातावरचा दुपट्टा झटकला आणि चांद्याच्या पाठीवर झुलीसारखा टाकला. पोटाखालून टोकं घेऊन गाठ मारली.

“हे काहून?” देवमन म्हणाला.

“पटाचा बैल हाये. उघड्या आंगानं कसा जाईन? अन् मले आता काय कराचा हाये थो?”

देवमन विहिरीच्या कडेनं गेला नाही. बाजाराच्या मधोमध गेला, बैलांच्या दोन रांगांमधून. तेल्हाऱ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं ओठातल्या ओठात “रामराम” म्हटलं, देवमननं मोठ्यानं “जय भीम” म्हटलं. दोघंही थांबले नाहीत, पण दोघांनीही ऐकलं. चांद्याच्या पाठीवर तो दुपट्टा, तीस वर्षं हात झाकून विटलेला, भर उन्हात हलत हलत दिसेनासा झाला.

पुंजाजी माझ्या तरटाखाली येऊन बसला. मी चहा मागवला. तो नको म्हणाला. उजवा हात मांडीवर उघडा पडला होता आणि त्याची बोटं आपोआप मिटत होती, उघडत होती. समोर खुशालराव पुकारत होता. दोनशे दहा! दोनशे वीस!

मला काही तरी वात्रट सुचायला पाहिजे होतं. नेहमी सुचतं. त्या दिवशी सुचलं नाही. मी नुसता माझा हात पुढं केला आणि त्याच्या हातात दिला, वर काही न टाकता, सगळ्या बाजारासमोर.

पुंजाजीनं बोटं एकेक करून दाबून पाहिली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

“हाडं हायेत,” म्हणाला. “ह्या खेपेले गिऱ्हाईक खरं दिसते.”

आणि हात सोडला नाही. चहावाला कप ठेवून गेला, तो तसाच निवला.