सुलूच्या रक्ताची चिठ्ठी

सन सदुसष्टच्या मार्गशीर्षातली सकाळ. शिरगावला कृष्णकांतच्या वाडीत त्याची बायको विजया पानवेलींना पाणी देत होती, तीन वर्षांची सुलू चिखलात खेळत होती, आणि ओटीवर मुंबईच्या डॉक्टर इंदुबाई एकेकाच्या दंडाला रबरी नळी बांधून रक्त घेत होत्या. माणसामाणसांच्या रक्तात काय फरक असतो, याचा शोध सात देश मिळून घेत होते. आपसांतच लग्नं करणारी गावं त्यांना हवी होती, आणि त्या बाबतीत आमचं शिरगाव कुणाला हार जाणारं नव्हे! बाटल्या बर्फाच्या पेटीतून मुंबईला गेल्या, काही तिथून विमानानं विलायतेला.

महिन्याभरानं इंदुबाईंनी कौतुकानं प्रत्येकाला त्याच्या रक्तगटाची चिठ्ठी धाडली. कृष्णकांत ओ, विजया ओ, सुलू बी.

एवढ्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण गावात दामू कंपाउंडर होता, आणि दामूनं अर्धं पुस्तक वाचलं होतं. आईबाप दोघं ओ असले की मूल बी होतच नाही, असं त्यानं विजयाच्या सासूला, येसूबाईला, सुपारी कातरता कातरता सांगितलं. झालं! दिवस मावळायच्या आत ते साऱ्या गावाला ठाऊक झालं.

रविवारी देवळात जातीची बैठक बसली. तिन्ही चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या गेल्या. विजयानं देवीच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली, मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुमी तरी सांगा. तुमाला ठाऊक हाय मी कशी ती."

कृष्णकांत मान खाली घालून अंगठ्यानं फरशी टोकरत राहिला. येसूबाईनं सुनेचं मंगळसूत्र काढून घेतलं, आणि नातीच्या पायांतले चांदीचे वाळेही. पोर रडली, तरी कुणी उठलं नाही. केळव्याला माहेरच्यांनी दार उघडलं नाही, कारण धाकटीचं लग्न व्हायचं होतं. विजया बोईसरला भाड्याच्या खोलीत राहून बांधकामावर पाट्या उचलू लागली.

सहा महिन्यांनी विलायतेहून इंदुबाईंना पत्र आलं. कृष्णकांतचं रक्त ओ नव्हतंच. ते फार विरळा जातीचं होतं. साध्या तपासणीत ओ दिसायचं, पण आत बी दडलेला असायचा आणि तो लेकरांत उतरायचा. सुलू त्याचीच लेक होती. त्याचं आणखी रक्त पाठवावं, अशी शास्त्रज्ञांची विनंती होती.

चिठ्ठ्या वाटल्याबद्दल स्वतःला दोष देत इंदुबाई शिरगावला धावल्या. येसूबाईनं पत्र ऐकून घेतलं. मुलाचं दुसरं लग्न ठरलं होतं.

"रगत पायजे तेवढं न्या," ती म्हणाली. "कागद कुणाला दावू नका."

इंदुबाई तिथून थेट देवळात गेल्या. ज्या जागी चिठ्ठ्या वाचल्या होत्या, त्याच जागी गाव जमवून त्यांनी पत्र वाचलं. आता कृष्णकांतचं रक्त मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. माणसं एकेक करून मुकाट उठून गेली. नव्या मुलीच्या बापानं मात्र असलं रक्त आमच्या घरात नको म्हणून सोयरीक मोडली.

तेव्हा कुठे कृष्णकांतला बायको आठवली! बोईसरला तिच्या दाराशी तो उभा राहिला. "चल घरी. कागद आला हाय."

विजया कामावर निघाली होती. हातातली चुंबळ तिनं खाली ठेवली.

"देवीची शपथ घेतली ती खोटी, आणि सातासमुद्रापलीकडच्या माणसाचं खरं. उद्या त्यानं दुसरा कागद लिवला तर परत घराबाहेर काढाल ना?"

तिनं चुंबळ उचलली, सुलूला कडेवर घेतलं, खोलीला कुलूप लावलं आणि त्याच्यासमोरून कामावर निघून गेली.

पुढं इंदुबाईंनी सातही देशांना लिहून चिठ्ठ्या वाटणं बंद करवलं. तो नियम महिन्याभरात मान्य झाला. विजयाला घालवायला जमलेली माणसं तिची माफी मागायला मात्र अजून जमलेली नाहीत. वाचकहो, त्या रविवारी देवळात आपण असतो, तर उठलो असतो का?