राहिलेले टिंब

मित्रांनो, अंगणातल्या भिंतीला टेकून उभी असलेली ही म्हातारी शिडी म्हणजे मी. माझी एक पायरी कमी आहे आणि अंगावर इतक्या रंगांचे शिंतोडे आहेत की माझा मूळ रंग मलाही आठवत नाही. पण माझ्याकडे बघून हळहळू नका. मी मजेत जगले आहे.

सुताराने मला घडवले, माझ्या प्रत्येक पायरीवर स्वतः उभे राहून पारखले आणि एका पेंटरच्या हवाली केले. दुकानांच्या पाट्या रंगवणे हे त्याचे काम. कोणी काहीही सांगितले तरी त्याचे उत्तर ठरलेले असे, "होईल." पाटी उद्याच हवी? होईल. एवढ्याशा फळीवर एवढे लांबलचक नाव? होईल. सगळे त्याला होईलपेंटरच म्हणत. आणि त्याचे काम खरेच होत असे, कारण तो कधी घाबरत नसे आणि घाई करत नसे.

त्याची एक खोड होती. सगळी अक्षरे काढून झाली की तो खाली उतरायचा, रस्त्यापलीकडे उभा राहून चहा पीत पाटी न्याहाळायचा आणि मग पुन्हा वर चढून अनुस्वाराची टिंबे द्यायचा. तीही ब्रशने नाही, अंगठ्याने. माझे पाय धरून उभी असलेली त्याची बायको वैतागायची.

"अहो, एकदाच काय ते देऊन उतरा ना! गुडघे काय भाड्याने आणलेत?"

"अगं, घाईत दिलेलं टिंब डागासारखं दिसतं."

मग ती हसायची. तिने जन्मभर माझे पाय धरले, पण वर एकदाही चढली नाही. तिला उंचीची फार भीती वाटे.

काय दिवस होते ते! रोज नवी भिंत, नवा रंग. शाळेच्या खिडकीशी उभी राहून मी पाढे ऐकले, बेकरीच्या दारात गरम पावाचा वास घेतला. लोक पाटीचे कौतुक करत, तेव्हा मीही मनातल्या मनात फुशारून जाई.

एकदा घरासमोरच्या सायकलवाल्याची पाटी चालू होती, 'आनंद सायकल दुकान'. अक्षरे झाली, पेंटर चहासाठी उतरू लागला आणि त्याच्या गुडघ्याने दगा दिला. पुढे तो हिंडू-फिरू लागला, पण डॉक्टरांनी शिडी चढायला साफ मनाई केली. पाटीवरचे टिंब राहूनच गेले. 'आनद'. सायकलवाल्याने दुसऱ्या कोणाला ते देऊ दिले नाही. "टिंब देईल तर होईलपेंटरच देईल," तो म्हणायचा. मुले त्याला आनदकाका म्हणून चिडवू लागली.

पेंटर मात्र गप्प झाला. पाटी दिसू नये म्हणून खिडकीकडे पाठ करून बसू लागला. "होईल" हा शब्द त्याच्या तोंडून ऐकू येईनासा झाला. मला फार वाईट वाटे.

मीही अंगणात पडून राहिले. ओलीने माझी खालची पायरी कुजली. तेव्हा पेंटरच्या बायकोने तेवढा भाग कापून घेतला आणि माझ्यावर घेवड्याचा वेल चढवला. मला जांभळी फुले आली, मित्रांनो! पुढे माझ्यावर कपडे वाळले, एका मांजरीने तर वरची पायरी स्वतःच्या नावावर करून घेतली. मी हरखून गेले. पण खिडकीतली ती पाठ दिसली की मन खट्टू व्हायचे.

एका सकाळी बायकोने माझ्यावरचा सुकलेला वेल काढला, जुन्या डब्यातला रंग ढवळला आणि मला दारात आणले.

"उठा. शिडी धरायची आहे."

"चढणार कोण?"

"मी."

"तू? स्टुलावर चढलीस तरी देवाचा धावा करतेस!"

"मग आजही करीन. होईल."

आपलाच शब्द ऐकून पेंटर उठला. सायकलवाल्याच्या दुकानाशी त्याने प्रथमच खालून माझे पाय धरले, घट्ट. ती चढू लागली. प्रत्येक पायरीला ती देवाचा धावा करत होती आणि मी श्वास रोखून उभी होते.

"खाली बघू नकोस. टिंब 'न'वर दे."

"नवऱ्यावर? तो तर खाली उभा आहे!"

पेंटर खो खो हसला. कितीतरी दिवसांनी! तिने रंगात बुडवलेला अंगठा पाटीवर टेकवला आणि ती सुखरूप खाली आली. सायकलवाला धावत चहा घेऊन आला. दोघे रस्त्यापलीकडे उभे राहिले.

"वाकडं झालं का हो?"

"जरा डावीकडे गेलंय. पुढच्या पाटीला नीट येईल."

"पुढच्या पाटीला?"

"अक्षरं मी जमिनीवर बसून काढतो. पाटी वर लागली की टिंब तू दे. होईल."

मित्रांनो, तुमच्या घरातली जुनी शिडी ओलीत टाकू नका, तिला ऊन दाखवा. आणि खिडकीकडे पाठ करून कोणी बसले असेल, तर त्याला कामाला हाक मारा. बरे, आता मला निघायला हवे. शिंप्याची पाटी वर लागली आहे. तिच्यावर दोन टिंबे द्यायची आहेत, आणि बायको पदर खोचून केव्हाची तयार उभी आहे.